पहिलं सुचलेलं उत्तर आधी बाजूला ठेवा: अडलेला प्रॉब्लेम वेगळ्या वाटेने सोडवायची पद्धत

ज्याला भन्नाट आयडिया सुचतात त्याचं डोकंच वेगळं असतं, असं म्हणून आपण विषय संपवून टाकतो. मला ते पटत नाही. आपल्याला काहीच सुचत नाही असं फार कमी वेळा होतं, उलट सुचतं आणि पटकन सुचतं, आणि जे पहिलं सुचतं ते दारातच ठाण मांडून बसतं आणि मागच्या कुणालाच आत येऊ देत नाही. खाली जे काही सांगतोय ते बहुतेक सगळं त्याला दारातून उठवायचे मार्ग आहेत.

हे किती घट्ट बसतं त्याचा एक जुना प्रयोग आहे. अब्राहम लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये तो छापला. लोकांना कागदावर तीन भांडी दिली, २१, १२७ आणि ३ मापांची, आणि बरोबर १०० मापं पाणी काढायला सांगितलं. मोठं भांडं भरा, त्यातून एकदा २१ आणि दोनदा ३ काढून टाका, झाले १००. याच युक्तीने सुटणारी अजून काही गणितं दिली आणि मग हळूच २३, ४९ आणि ३ ची भांडी देऊन २० मापं मागितली. इथे २३ मधून ३ काढले की काम संपतं, पण बहुतेक जण तीच लांबलचक वजाबाकी करत बसले, आणि ज्यांना आधीची गणितं दिलीच नव्हती त्यांना सरळ वाट लगेच दिसली. म्हणजे बघा, आधीचं यशच आडवं आलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, प्रत्येक प्रॉब्लेमला ही सगळी उठाठेव करायची गरज नसते. नळ गळतोय तर वॉशर बदला आणि मोकळे व्हा. ही मेहनत अशा प्रॉब्लेमसाठी आहे जो तुम्ही दोन-तीनदा सोडवलाय आणि तरी तो परत येतोय, किंवा ज्याची नेहमीची सगळी उत्तरं महाग, कटकटीची किंवा अर्धवट निघालीयेत.

उदाहरणाला मी मुद्दाम एक फालतू प्रॉब्लेम घेतोय, कारण मोठ्या प्रॉब्लेमवर पद्धत शिकायला गेलं की टेन्शनच जास्त येतं. बेडरूममधली ती खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नाही, फक्त एकदा घातलेले कपडे साचत जातात, आणि दर सुट्टीच्या दिवशी ती रिकामी केली तरी दोन दिवसांत परत भरते.

प्रॉब्लेम लिहा, आणि त्यात उत्तर लपलंय का ते बघा

कागद घ्या आणि एका वाक्यात प्रॉब्लेम लिहा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल पण लिहाच, कारण डोक्यात असताना प्रत्येक प्रॉब्लेम स्पष्ट वाटतो आणि लिहायला घेतला की कळतं आपल्याला नक्की काय त्रास होतोय तेच ठरलेलं नाहीये.

मग ते वाक्य परत वाचा. "कपडे ठेवायला कुठला स्टँड घ्यावा?" हा प्रॉब्लेम नाही, हे प्रश्नचिन्ह लावलेलं उत्तर आहे. स्टँड घ्यायचं आधीच ठरलंय, आता फक्त रंग आणि साइझ बाकी. ऑफिसात तर हे सर्रास चालतं, "आपल्याला एक अ‍ॅप पाहिजे" असं म्हणूनच मिटिंग सुरू होते आणि कशासाठी हे शेवटी कुणीतरी बिचकत विचारतं. वाक्यात एखादी वस्तू, मशीन किंवा माणूस नेमण्याचं नाव आलं की थांबा, ते खोडा आणि त्याच्या जागी त्रास लिहा. कुणाला होतो, कधी होतो, नक्की काय अडतं.

त्यानंतर दोन दिशांनी प्रश्न विचारायचे. एक वरच्या दिशेने, हे मला कशासाठी हवंय? खुर्ची रिकामी का हवी? बसायला? नाही, कुणीच बसत नाही. पाहुणे आले की लाज वाटते म्हणून? सकाळी हवा तो शर्ट सापडत नाही म्हणून? ही दोन कारणं वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघतात. पाहुण्यांचाच प्रश्न असेल तर खोलीचं दार बंद करणं हे पूर्ण उत्तर आहे, हसू नका, खरंच आहे. दुसरा प्रश्न खालच्या दिशेने, मला अडवतंय काय? शर्ट कपाटात का जात नाही? कारण एकदा घातलाय, धुतलेल्या कपड्यांत ठेवायला मन होत नाही. मग धुवायला का टाकत नाही? कारण तेवढा मळलेला नाही. आता प्रॉब्लेमचं नवीन वाक्य तयार झालं: अर्धवट वापरलेल्या कपड्यांना या घरात जागाच नाहीये. आळशीपणा, शिस्त वगैरे सगळे आरोप एका झटक्यात बाजूला झाले.

हाच प्रकार मोठ्या स्तरावर झाला तो जहाजांच्या धंद्यात. जहाज जलद कसं धावेल यावर कितीही डोकं चालवलं तरी मालवाहू जहाजांचा पुष्कळसा वेळ बंदरात उभं राहण्यात जायचा, कारण पोती, पेट्या, पिंपं सगळं सुटं सुटं चढवायचं आणि उतरवायचं. माल्कम मॅक्लीन हा मुळात ट्रकवाला. त्याच्या लेखी प्रश्न जहाजाचा नव्हताच, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल हलवताना जो खोळंबा होतो त्याचा होता. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं आणि जगाचा व्यापार बदलला. त्यातला कंटेनर म्हणजे पत्र्याची एक मोठी पेटी, बाकी काही नाही, सगळी करामत प्रश्न कुठे आहे हे ओळखण्यात होती.

अजून एक सवय लावून घ्या, माहिती बघताना यातून काय दिसत नाहीये ते विचारायचं. दुसऱ्या महायुद्धात विमानांना चिलखत कुठे वाढवायचं हा प्रश्न होता, आणि परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा समोर होत्या. जिथे खुणा जास्त तिथे पत्रा जाड करा, असं कुणालाही वाटेल. अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने उलटा विचार केला, की हे सगळे नमुने परत आलेल्या विमानांचे आहेत, म्हणजे या जागी गोळी लागली तरी विमान परत येतं, काळजी तिथे घ्या जिथे परत आलेल्या विमानांवर खुणा कमी आहेत, कारण तिथे लागलेली परत आलीच नाहीत. तुमच्या प्रॉब्लेममध्येही हे तपासा. तक्रार करणारे गिऱ्हाईक दिसतात, गुपचूप सोडून गेलेले दिसत नाहीत.

एका प्रॉब्लेमची पाच-सहा वाक्यं तरी लिहा, क्रियापद बदला, ज्याला त्रास होतो तो माणूस बदला. पण इथेच रमू नका. काही लोकांना प्रश्न फिरवण्यातच इतकी मजा येते की उत्तराचा दिवस उजाडत नाही. अर्धा तास पुरे.

हातात काय आहे याची यादी, नावं न घेता

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो म्हणून जरा जास्त लिहितोय.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, त्याच्या लिखाणाचं इंग्रजी भाषांतर १९४५ मध्ये आलं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला छोटा डबा देतात, आणि मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवायला सांगतात. लोक मेणबत्तीलाच टाचणी मारतात, मेण वितळवून चिकटवायला बघतात. उत्तर असं की डबा रिकामा करा, तो टाचणीने ठोका आणि त्यात मेणबत्ती उभी करा. टाचण्या डब्याबाहेर वेगळ्या मांडून ठेवल्या तर बऱ्याच जास्त लोकांना हे सुचतं. डबा तोच. भरलेला असताना तो "टाचण्या ठेवायचा" असतो, रिकामा दिसला की नुसता डबा होतो.

म्हणजे वस्तूचं काम तिच्या नावाला चिकटलेलं असतं. यावर टोनी मॅककॅफ्री या संशोधकाने २०१२ मध्ये एक साधी युक्ती मांडली आणि तपासून दाखवली. वस्तूचे सुटे भाग करत जायचे आणि प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारायचे, याचे अजून तुकडे होतात का, आणि मी दिलेल्या नावात याचा उपयोग लपलाय का. उपयोग लपला असेल तर आकार आणि कशाचं बनलंय एवढंच सांगणारं नाव द्यायचं. मेणबत्तीचे दोन भाग, मेण आणि वात. "वात" म्हटलं की ती जळायची. "एकत्र पिळलेले लांब धागे" म्हटलं की त्याची दोरी होते, आणि त्या प्रयोगात दोन लोखंडी कड्या एकमेकींना बांधायला नेमकी दोरीच हवी होती.

तर कृती अशी. आसपास जे जे आहे ते सगळं लिहून काढा, पैसे आणि सामानच नाही तर वेळ, रिकामी पडलेली जागा, माणसांच्या सवयी, वाया जाणाऱ्या गोष्टी, सगळं. मग त्यातली तीन-चार निवडून त्यांचे भाग पाडा आणि उपयोगाचे शब्द काढून टाका. आपली खुर्ची घ्या. "बसायची" हा शब्द काढला की काय उरतं? कमरेच्या उंचीवर, पलंगाच्या वाटेत, दार किंवा झाकण नसलेली सपाट जागा, जिथे एका हाताने, अंधारातसुद्धा, न थांबता काहीही टाकता येतं. आता कळलं का कपाट दरवेळी का हरतं? कपाट उघडावं लागतं, हँगर शोधावा लागतो, दोन्ही हात लागतात. म्हणजे खुर्चीच्या जागी जे काही येईल ते या बाबतीत खुर्चीइतकंच सोपं पाहिजे, नाहीतर कितीही सुंदर असलं तरी फुकट.

नासाच्या अपोलो १३ या चंद्रमोहिमेत एप्रिल १९७० मध्ये हेच जीव वाचवायला करावं लागलं. मुख्य यान बिघडलं म्हणून तिघं अंतराळवीर चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, आसऱ्याला गेले आणि तिथला कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. हवा शुद्ध करणारे जास्तीचे डबे मुख्य यानात होते पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली बसवायची जागा गोल. जमिनीवरच्या इंजिनिअरांनी यानात जे जे सामान आहे तेवढंच समोर धरून जोडणी तयार केली, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, स्पेससूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी. रेडिओवरून एकेक पायरी सांगितली आणि ती चालली. पुठ्ठा हे वहीचं कव्हर आहे असं धरून बसले असते तर झालंच.

याच यादीच्या खाली अजून एक यादी करा, गृहीत धरलेल्या अटींची. प्रत्येकीपुढे लिहा, ही कुणी घातली आणि अजून लागू आहे का. उंच उडीत पूर्वी पलीकडे वाळू किंवा लाकडाचा भुसा असायचा, त्यावर पाठीवर पडणं म्हणजे मान मोडून घेणं. मग फोमच्या जाड गाद्या आल्या, आणि अट निघून गेली तरी बहुतेक खेळाडू जुन्याच पद्धतीने उडत राहिले. डिक फॉसबरी पाठ करून उडायला लागला आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेऊन गेला. तुमच्या कामात अशी गादी कुठे येऊन पडलीय का ते शोधा, कारण बरेच नियम ज्या कारणाने केले ते कारण केव्हाच संपलेलं असतं आणि कुणी बघितलेलंच नसतं.

दोन उलट्या गोष्टी एकदम हव्या असतील तर तडजोडीला घाई करू नका

प्रॉब्लेम चिवट असला की त्याच्या पोटात बहुतेकदा एक भांडण असतं. कपडे हाताशी पाहिजेत आणि डोळ्यांआड पाहिजेत. पासवर्ड अवघड पाहिजे आणि लक्षात राहिला पाहिजे. आपण काय करतो, मध्यावर येतो, थोडं हे थोडं ते, आणि दोन्ही बाजू नाराज.

सोव्हिएत इंजिनिअर गेनरिख आल्तशुलर याने १९४६ पासून हजारो पेटंटं चाळून हाच मुद्दा पकडला, की दमदार शोधांमध्ये असं भांडण मध्यावर मिटवलेलं नसतं, ते मुळातूनच नाहीसं केलेलं असतं. (या माणसाला मध्ये स्टालिनच्या काळात व्होर्कुताच्या छावणीत डांबलं होतं, बाहेर आल्यावर त्याने परत हेच काम हातात घेतलं.) त्याच्या पद्धतीत ४० तत्त्वं आहेत आणि मोठा तक्ता आहे, ते सगळं पाठ करत बसायची काही गरज नाही. रोजच्या वापराला त्यातले चार प्रश्न पुरतात.

वेळेने वेगळं करता येईल का? विमानाला चाकं जमिनीवर पाहिजेत आणि हवेत नकोत, म्हणून ती पोटात जातात. जागेने वेगळं करता येईल का? एकाच चष्म्यातून लांबचंही दिसलं पाहिजे आणि वाचताही आलं पाहिजे, म्हणून एका काचेत वर एक नंबर आणि खाली दुसरा. परिस्थितीप्रमाणे बदलेल असं करता येईल का? उन्हात काळा होणारा चष्मा. आणि चौथा, भाग एक प्रकारचा आणि अख्खी वस्तू दुसऱ्या प्रकारची असं जमेल का? सायकलच्या चेनची प्रत्येक कडी कडक असते पण अख्खी चेन लवचिक.

खुर्चीवर लावून बघा. वेळ: कपडे रात्री हाताशी, दिवसा डोळ्यांआड, म्हणजे सकाळी एका ढकलण्यात पलंगाखाली जाणारा चाकांचा ट्रे. जागा: दाराच्या मागच्या बाजूला हूक, दार उघडं असताना ते दिसतच नाहीत. परिस्थिती: जागा मुद्दाम एवढी लहान की तीन कपडे झाले की चौथा मावतच नाही, मग निर्णय घ्यावाच लागतो. भाग आणि अख्खं यावर मला काही सुचलं नाही, चालतं, चारही प्रश्न दरवेळी चालत नाहीत. दोन वाक्यांत भांडण नीट मांडलं की निम्मं काम झालेलं असतं: "मला क हवंय कारण..., आणि मला त्याच्या उलट ख पण हवंय कारण...". दोन्ही "कारण" भरलेच पाहिजेत. बऱ्याचदा ते भरताना कळतं की एक बाजू आपल्याला खरं म्हणजे नकोच होती.

काहीतरी काढून टाकून बघा

आपली पहिली धाव नेहमी काहीतरी जोडण्याकडे असते. २०२१ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात लेगोच्या ठोकळ्यांपासून ते प्रवासाच्या प्लॅनपर्यंत वेगवेगळी कामं देऊन बघितली, आणि एखादा भाग काढून टाकणं सोपं किंवा स्वस्त असूनही लोकांच्या ते ध्यानातच येत नाही असं दिसलं. काढूनही चालेल अशी नुसती आठवण करून दिली की जास्त लोक काढायला लागले. लहान मुलांच्या सायकलला आधाराची दोन चाकं वर्षानुवर्षं जोडत होतो, मग कुणीतरी पेडलच काढून टाकलं आणि पोरं पायांनी ढकलत ढकलत तोल आधी शिकली.

म्हणून प्रत्येक यादीत एक ओळ सक्तीची ठेवा: काय काढलं तर? खुर्चीच काढली तर? कपडे पलंगावर येतील, म्हणजे दोष खुर्चीत नाही हे सिद्ध झालं. कपडेच कमी केले तर? यावर घरात भांडण होऊ शकतं, पण ओळ लिहायला काय जातं.

दुसऱ्याच्या शेतातलं उत्तर

तुमचा प्रॉब्लेम दुसऱ्या कुठल्या तरी धंद्यात कुणीतरी आधीच सोडवलेला असण्याची शक्यता चांगली असते. अडचण एवढीच की तो तुमच्या शब्दांत लिहिलेला नसतो.

१९८० चा मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचा प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. लोकांना एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली, किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर सुरुंग, मोठी फौज एका रस्त्याने गेली तर उडेल, म्हणून तो छोट्या तुकड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवतो आणि सगळ्या एकदम किल्ल्यापाशी जमतात. नंतर प्रश्न दिला, पोटातली गाठ जोरदार किरणांनी जाळता येते पण वाटेतलं चांगलं शरीरही जळतं, काय कराल? उत्तर तेच, सगळ्या बाजूंनी हलके किरण गाठीवर एकत्र आणायचे. गोष्ट नुकतीच वाचलेली असूनही थोड्याच जणांना ती आपणहून उपयोगी पडली. "मघाची गोष्ट कामाला येईल" एवढं सांगितल्यावर मात्र बहुतेकांना जमलं. थोडक्यात, नुसतं भरपूर वाचून भागत नाही, आपल्याला आधीच काय माहितीय ते मुद्दाम हुडकावं लागतं.

हुडकायची रीत: प्रॉब्लेममधली सगळी खास नावं काढा आणि फक्त क्रियापदं ठेवा. "अर्धवट वापरलेल्या वस्तू परत लागेपर्यंत, चांगल्यात न मिसळता, पटकन ठेवायच्या आणि पटकन घ्यायच्या." आता हे कोण करतं? लायब्ररी करते, परत आलेली पुस्तकं आधी एका ट्रॉलीवर जातात, थेट शेल्फवर नाही. वर्कशॉपवाला करतो, चालू कामाची हत्यारं भिंतीवर टांगतो आणि बाकीची पेटीत. स्वयंपाक करणारा माणूस करतो, चालू भांडी ओट्यावर आणि बाकीची कपाटात. प्रत्येकाकडून एकेक आयडिया फुकट मिळाली.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला अतिदक्षता विभागात सोपवताना गोंधळ व्हायचा, एकाच वेळी नळ्या, वायरी, माहिती, सगळेच बोलतायत. तिथल्या डॉक्टरांनी फॉर्म्युला वन या गाड्यांच्या शर्यतीतल्या फेरारीच्या पिट-स्टॉपवाल्यांना, म्हणजे मध्येच थांबलेल्या गाडीची चाकं बदलणाऱ्या टीमला, गाठलं, कारण काही सेकंदांत, ठरल्या जागी उभं राहून, न बोलता, चुका न करता गाडी सोपवणं हे त्यांचं रोजचं काम. मग कुणी कुठे उभं राहायचं, कुठली गोष्ट आधी, कुणाच्या हातात सूत्रं, हे सगळं ठरवून टाकलं आणि २००७ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सोपवतानाच्या चुका कमी झालेल्या दिसल्या.

एक सावधगिरी, दुसऱ्याचं तयार उत्तर बघायचं ते आधी स्वतःचं थोडं लिहून झाल्यावर. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना न सांडणारा कॉफीचा कप डिझाइन करायला दिला, सोबत स्ट्रॉ असलेला एक नमुना दाखवला आणि स्ट्रॉ वापरू नका असंही सांगितलं. तरी पोरांच्या डिझाइनमध्ये स्ट्रॉ आलेच. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत गूगल उघडू नका, एवढंच.

भरपूर, आणि ग्रुपमध्ये असाल तर आधी गप्प बसून

आता मोजून आयडिया काढायच्या. पंचवीस. दहाव्याला वाटेल संपलं आता, तेव्हा थांबायचं नाही. ब्रायन लुकास आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०२० मध्ये दाखवलं की लोकांना वाटतं वेळ जाईल तसं आपलं सुचणं फिकं पडत जातं, आणि खरं तर तसं होत नाही, टिकतं किंवा वाढतंसुद्धा. या चुकीच्या समजुतीमुळेच आपण लवकर उठतो.

अगदीच अडलात तर फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाचा चौकट्यांचा तक्ता वापरा. प्रॉब्लेमचे स्वतंत्र पैलू घ्या आणि प्रत्येकाखाली पर्याय लिहा. कुठे: दारामागे, पलंगाखाली, बाथरूमच्या बाहेर, कपाटाच्या बाजूला. कशात: हूक, टोपली, दांडी, ट्रे. कधी रिकामं करायचं: रोज, भरलं की, कपडे धुवायच्या दिवशी. ४ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे ४८ जोड्या, त्यातल्या चाळीस टाकाऊ असतील आणि दोन-तीन अशा निघतील की ज्या नुसतं बसून कधीच सुचल्या नसत्या.

ग्रुपमध्ये करायचं असेल तर सगळ्यांना गोल बसवून "बोला, आयडिया बोला" हे करू नका. ब्रेनस्टॉर्मिंग ही ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरातवाल्याने पसरवलेली गोष्ट, पण १९५८ च्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगापासून हे दिसत आलंय की चार जण एकत्र बसून जेवढं काढतात त्यापेक्षा तेच चार जण वेगवेगळे बसून काढलेलं एकत्र केलं तर जास्त भरतं. मुख्य कारण अगदी साधं आहे, एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता आपलं विसरायला होतं. आणि साहेब पहिले बोलले तर पुढचं सगळं त्यांच्याच आयडियाभोवती फिरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. बेर्न्ट रोरबाख यांची ६-३-५ पद्धत यावर मस्त चालते: सहा जण, प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन आयडिया कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याला द्यायचा, त्याने वरच्या वाचून अजून तीन, असे सहा फेरे. अर्ध्या तासात १०८ ओळी होतात आणि जो कधी तोंड उघडत नाही त्याच्याही अठरा असतात.

मग उठा

अडलात की सोडून द्या, पण आधी घाम गाळलेला असेल तरच. २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मेरॉड यांनी ११७ अभ्यास एकत्र करून बघितलं तर प्रॉब्लेम काही वेळ बाजूला ठेवल्याचा फायदा खरंच होतो, आधी जास्त वेळ झुंजलेल्यांना जास्त होतो, आणि मधल्या वेळात डोक्याला फार ताण न देणारं काम केलं तर चांगला होतो. भांडी घासा, चालायला जा. मोबाइल बघत बसणं यात धरू नका, निदान माझा तरी त्याने काही फायदा होत नाही.

निवडताना आणि करून बघताना

यादीतून तीन उचला: एक जी उद्या करता येईल, एक जी चालली तर सगळ्यात जास्त फरक पडेल, आणि एक जी वेडगळ वाटते पण डोक्यातून जात नाही. चर्चा करून एकच निवडायची घाई नको, कारण आयडिया कागदावर असताना सगळ्यात ओळखीची वाटणारी जिंकते आणि आपण परत पहिल्या उत्तरापाशी.

मग प्रत्येकीला विचारा, ही चालायला कुठली एक गोष्ट खरी असायलाच हवी? आणि तेवढीच एक गोष्ट, सगळ्यात स्वस्तात, तपासा. राइट बंधूंनी हे फार छान केलं. उडायचं म्हणजे उचल, ताबा आणि ढकल असे तीन वेगळे प्रश्न आहेत हे धरून ते चालले. पंख पिळून ताबा मिळतो का हे बघायला १८९९ मध्ये माणूस बसेल असं यान नाही बांधलं, पाच फुटी पतंग बांधला. ग्लायडरला पाहिजे तेवढी उचल मिळेना तेव्हा १९०१ मध्ये आपल्या सायकलच्या दुकानातच हवेचा बोगदा (जोराचा वारा सोडून नमुने तपासायची पेटी) करून पंखांचे शेकडाभर तरी छोटे नमुने तपासले. इंजिन लावून उडाले ते डिसेंबर १९०३ मध्ये, सगळं उरकल्यावर.

चाकांचा ट्रे विकत घेण्याआधी घरातलं एखादं खोकं पलंगाखाली आठवडाभर सरकवून बघा. कपडे त्यात जातायत का? नसतील तर नक्की कुठले जात नाहीयेत? जीन्स जात नसेल आणि शर्ट जात असतील तर अडचण वजनाची किंवा घडीची आहे, सवयीची नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, हा नियम कंटाळवाणा आहे पण मोडू नका. जेम्स डायसन यांनी पिशवी नसलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचे ५,१२७ नमुने केले, आणि ते एकेक बदल करत गेले म्हणूनच कुठल्या बदलाने काय झालं ते त्यांना कळत गेलं. तुम्हाला एवढे करायचे नाहीत, चार-पाच पुरतात.

जे चाललं नाही ते फेकू नका. ३एम या अमेरिकन कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक गोंद बनवला, जेमतेम चिकटणारा आणि सहज निघणारा, तेव्हा त्याचा काय उपयोग ते कुणालाच कळेना. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना भजनांच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडायचा वैताग आला आणि तो गोंद आठवला, १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विकायला आल्या. गोंद आठवला कारण सिल्व्हर तो वर्षानुवर्षं सगळ्यांना दाखवत फिरत होते. तुमच्यासाठी एक साधी वही पुरे, प्रत्येक पडलेल्या आयडियाला तीन ओळी: काय करून बघितलं, नक्की कुठे अडलं, आणि काय बदललं तर हे चालेल. तिसरी ओळ लिहायचा कंटाळा येतो, तीच आधी लिहा. नवीन प्रॉब्लेम आला की कागद काढायच्या आधी ती वही पाच मिनिटं चाळायची, फक्त तिसऱ्या ओळी.